बेट आणि बेट्ट

भांडण सुरू झालं तेव्हा मी आतल्या खोलीत एका मिठाईच्या दुकानाची पाटी जुळवत बसलो होतो. बाहेर जाजमावर भाचा आणि शेजारच्या अक्कांचा मुलगा पत्ते खेळत होते. भाचा पुण्याहून सुट्टीला आलेला.

"तू मघाशी बेट म्हणालास!"

"बेट्ट म्हटलो मी. बेट्ट!"

"मग तेच ना!"

"तेच कसं होतंय? बेट्ट म्हणजे डोंगर की!"

मी माऊस ठेवून बाहेर आलो. खेळ होता 'मॅजिक: द गॅदरिंग'. भाचा तो फोनवर खेळतो. इथं आल्यावर दोन दिवसांत त्यानं शेजारच्या पोराला शिकवला. खरे पत्ते कुठून आणणार, म्हणून आमच्या मेंढीकोटच्या जुन्या गड्ड्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. या खेळात पाच रंग आणि पाच साध्या जमिनी असतात. भाच्यानं त्यांची नावं मराठीत करून टाकली होती: पांढऱ्याचं मैदान, निळ्याचं बेट, काळ्याची दलदल, लालचा डोंगर, हिरव्याचं रान. शेजारचा पोरगा कन्नड माध्यमातला. त्यानं आपली गड्डी आपल्या लिपीत लिहिली: बयलु, द्वीप, जौगु, बेट्ट, काडु. भाच्याला कन्नड अक्षर ओळखता येत नाही. पहिली जमीन पडली तेव्हा त्यानं विचारलं, हे काय? उत्तर आलं, बेट्ट. त्यानं ऐकलं, बेट. पुढचा अर्धा तास तो समोर निळी गड्डी आहे असं धरून खेळला. निळा रंग सावकाश चालणारा, समोरच्याचा पत्ता पडता पडता रद्द करणारा. त्याच्याशी जपून खेळावं लागतं. भाचा जपून खेळला आणि लालनं त्याला भाजून काढलं.

मला हसू आवरेना. मग पंच म्हणून मध्ये बसलो आणि तिथून उठलोच नाही. पंचेचाळिशी उलटलेला माणूस, पाट्या करणं हा धंदा, ऐन दिवाळीत कामांचा ढीग, आणि मी रात्री उशिरापर्यंत या खेळातल्या जमिनींविषयी वाचत बसायचो. राक्षस, जादूगार, ड्रॅगन यांचं मला फारसं काही वाटलं नाही. जमिनींचं वाटलं, तेही दोन रंग देणाऱ्या जमिनींचं. बेळगावच्या माणसाला दुसरं काय वाटणार म्हणा.

मेंढीकोटमध्ये गड्डी एकच आणि सगळ्यांची. वाटून जे आलं ते आलं, नशिबाला शिव्या घालून मोकळं व्हायचं. इथं प्रत्येकाची गड्डी स्वतःची, कुठले पत्ते घालायचे ते आपणच घरून ठरवून आणायचं. गड्डी कमीत कमी ६० पत्त्यांची. त्यात साधारण २४ जमिनी. आपल्या पाळीला एक जमीन खाली ठेवता येते आणि ती दर पाळीला आपल्या रंगाचा एक मॅना, म्हणजे पत्ते खेळायची ताकद, देते. वापरली की पत्ता आडवा करायचा. लाल पत्ता खेळायला लाल मॅना, निळ्याला निळा. एकाच रंगाची गड्डी असेल तर चिंता नाही. पण एकाच रंगात किती दिवस राहणार? प्रत्येक रंगाला काही गोष्टी जमतच नाहीत, त्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावंच लागतं.

दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर मी एक हिशेब केला. १२ बेटं, १२ डोंगर घातले, तर पहिल्या ७ पत्त्यांत एकही बेट न येण्याची शक्यता १९ टक्के. पाच डावांत जवळजवळ एकदा. हातात निळे पत्ते आणि समोर नुसते डोंगर. आता ४ जमिनी अशा घेतल्या की ज्या दोन्ही रंग देतात, आणि बाकी १०-१० ठेवल्या, तर तीच शक्यता १४ टक्क्यांवर येते. अशा ८ घेतल्या तर १० टक्क्यांवर. साध्या जमिनी सोडल्या तर एका नावाचे ४च पत्ते घालता येतात. त्यामुळे ८ दुरंगी जमिनी हव्या असतील तर त्या दोन वेगवेगळ्या तऱ्हेच्या लागतात. एका तऱ्हेनं कधीच भागत नाही. म्हणून हा खेळ काढणारे तीस वर्षं नवनव्या तऱ्हा काढत बसलेत.

आप्पांची आठवण इथं झाली. आप्पा पाटी रंगवायचे. फ्लेक्स येण्याआधीचा काळ, पत्र्यावर ऑइल पेंट, खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारली की रेघ. शहापूरच्या दुकानदाराला पाटी दोन्ही लिपींत लागायची. मराठी अक्षर शिरोरेषेला लटकतं. त्याला वर जागा लागते, मात्रा आणि रफार सगळे डोक्यावर. कन्नड अक्षर गोल, त्याला वरून सलग रेघ नाही, पण जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, ओत्तक्षर, खाली उतरतं. त्याला खाली जागा लागते. नवशिका पेंटर पाटीचे दोन सारखे पट्टे पाडतो आणि मग एकाचं डोकं कापलं जातं, नाहीतर दुसऱ्याचे पाय. आप्पा वरच्या ओळीला वर आणि खालच्या ओळीला खाली जास्त जागा सोडायचे. मधली फट मात्र अगदी चिंचोळी. जागा तेवढीच, पत्रा तेवढाच. एकाला दिलेली इंचभर जागा कुणाकडून तरी काढलेली असते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

१९९३ साली रिचर्ड गारफिल्ड यांचा हा खेळ पहिल्यांदा बाजारात आला, त्यात दुरंगी जमिनी होत्या. आणि त्या फुकट होत्या. फुकट म्हणजे त्यांना काहीही मोजावं लागत नव्हतं. बेट आणि डोंगर दोन्ही मानलेली जमीन, ठेवल्या ठेवल्या निळा द्या म्हटलं तर निळा, लाल म्हटलं तर लाल. मग साधं बेट कशाला घालायचं? पत्ते दुर्मिळ, एकेकाकडे थोडेच येतील, असा तेव्हाचा हिशेब होता. लोकांनी पेट्याच्या पेट्या विकत घेतल्या आणि हिशेब कोलमडला. १९९४ नंतर या जमिनी स्पर्धेत चालतील अशा पुन्हा छापल्या नाहीत. १९९६ साली काही पत्ते परत कधीच छापणार नाही असं कंपनीनं जाहीर केलं, त्या यादीत या दहाही आहेत. आज एकेक पत्ता शेकडो डॉलरला जातो. या दहा जमिनी मला उदार वगैरे वाटत नाहीत. खडू न मारता रंगवायला घेतलेल्या पाटीसारख्या वाटतात.

दहा म्हटलं, कारण पाच रंगांतून दोन-दोन निवडले की दहाच जोड्या होतात. पण अगदी पहिल्या छपाईत नऊच होत्या. एक चुकून राहून गेली. ती त्याच वर्षी, दुसऱ्या छपाईत आली. यादीत नाव राहणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. १९५६ पासूनच्या सीमावादातल्या ८१४ गावांचा आकडा पाठ करत आम्ही मोठे झालोय, आणि २००४ पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण राहिलेली जोडी कुठली होती ते कळलं तेव्हा मी पोरांना हाक मारली. निळी-लाल. व्होल्कॅनिक आयलंड. बेट आणि डोंगर.

"म्हणजे बेट-बेट्ट!" शेजारचा पोरगा ओरडला.

त्या दिवसापासून मी या एकाच जोडीच्या मागे लागलो. दर वेळी नवी तऱ्हा निघाली की बघायचं, बेट-बेट्टला काय मिळालं. आणि बहुतेक वेळा उत्तर एकच: नंतर. पत्त्याच्या पाठीवर पाच रंगांचं वर्तुळ असतं, पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा, आणि परत पांढरा. शेजारी बसलेले रंग मित्र, समोरासमोर आलेले शत्रू. निळा आणि लाल समोरासमोर. शत्रूंची सांगड घालणं अवघड असलं पाहिजे, असं ठरवूनच मित्रांना जमिनी आधी आणि चांगल्या मिळत गेल्या. बर्फयुगाच्या नावाचा पत्त्यांचा संच १९९५ साली आला, त्यात मित्रांच्या पाच जमिनी होत्या. शत्रूंच्या त्याच तऱ्हेच्या पाच २००१ साली. गड्डीतून दुसरी जमीन शोधून आणणाऱ्या जमिनी मित्रांना २००२ साली आणि शत्रूंना २००९ साली. सात वर्षं! वर्तुळात शेजारी कोण आणि समोर कोण हे ठरवणारा हात एकच असतो, आणि एकदा छापलं की पुढच्या सगळ्यांना ते निसर्गनियमासारखं वाटू लागतं.

१९९५ च्या त्या जमिनींविषयी मात्र मला थांबून बोलायचंय. त्यांना पेनलँड म्हणतात. बिनरंगी मॅना फुकट देतात. दोनपैकी एखादा रंग मागितला तर देतात, पण दर वेळी आपलं एक आयुष्य कापलं जातं. डावाला २० आयुष्यं मिळतात, त्यातलं एक. फार नाही, टोचणीएवढं. माझं कन्नड असंच आहे. कळतं सगळं, बोलतोही, पण क्रियापदाचं शेपूट दर तिसऱ्या वाक्याला चुकतं. एका कचेरीत उताऱ्यासाठी गेलो होतो, खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कन्नड बरतैतेन्री?" मी हो म्हणून सुरुवात केली. तो काही वाईट बोलला नाही. फक्त प्रत्येक वाक्याला ओठाच्या कोपऱ्यात हसला. काम झालं, उतारा मिळाला. बाहेर पायरीवर बसून मी चहा प्यायलो तेव्हा लक्षात आलं की मी दमलोय. तेच कन्नड खडेबाजारात भाजीवालीशी बोलताना एक आयुष्यही जात नाही, कारण तिची मराठी माझ्या कन्नडइतकीच मोडकी आणि दोघांनाही घाई असते.

पेनलँडची गंमत हीच. पत्त्यावर किंमत एकच छापलेली, एक. पण ती जड की हलकी हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. समोरचा लाल, झटपट मारणारा असेल तर ते एकेक आयुष्य सोन्याचं. समोरचा निवांत असेल तर दहा गेली तरी कुणाला पर्वा. पत्ता काढणाऱ्यानं आकडा लिहिला आणि वजन समोरच्यावर सोडून दिलं. मला ही फार हुशार रचना वाटते.

याउलट ज्या जमिनी आडव्याच येतात, म्हणजे ठेवल्यानंतर त्या पाळीला काहीच देत नाहीत, त्या दिसायला स्वस्त. आयुष्य जात नाही, टोचत नाही. एक पाळी उशीर, बस. पोरांना त्या फार आवडतात. मला नाहीत. उशिराची किंमत लगेच जाणवत नाही. ती चौथ्या पाळीला समजते, तेव्हा आपण एका पावलानं मागे असतो आणि नक्की कुठं मागे पडलो ते आठवत नाही. हातात वेळ असलेल्याला ही जमीन जवळजवळ फुकट, नसलेल्याला फार महाग.

२००५ साली रॅव्हनिका या कल्पित जागेवरचे संच यायला लागले. दहा टोळ्यांचं एक शहर, प्रत्येक टोळी म्हणजे एक जोडी, आणि मित्र-शत्रू असा भेद न ठेवता दहाही जोड्यांना एकाच तऱ्हेच्या जमिनी. तीन संचांत वाटून दिल्या, बेट-बेट्टची पाळी २००६ साली आली. पण या वेळी रांग सगळ्यांची एकच होती, तिला वेगळं थांबवलं नव्हतं. या जमिनीची तऱ्हा साधी: ठेवताना २ आयुष्यं द्या आणि लगेच वापरा, किंवा देऊ नका, मग ती आडवी येईल. किंमत कशी मोजायची ते ठेवणाऱ्यानं त्या क्षणी ठरवायचं. खेळणाऱ्यांनी तिला 'शॉकलँड' नाव ठेवलं, कारण 'शॉक' नावाचा लाल पत्ता नेमकी २ चीच इजा करतो. माझ्या मते सगळ्या तऱ्हांत ही अव्वल. तिच्यात टोचणीही आहे आणि उशीरही आहे, पण दोन्ही एकदम लादलेले नाहीत. भाचा म्हणतो, मामा, तुम्हाला आवडते कारण तुम्हाला पाळीला विचार करत बसायला मिळतं. त्यात तथ्य आहे.

मधल्या कितीतरी तऱ्हा मी सोडून देतो. अटींचे खेळ आहेत ते. २०१० ची जमीन म्हणते, आधीच्या जमिनी दोन किंवा त्याहून कमी असतील तरच मी उभी येईन. २०२१ ची बरोबर उलटं म्हणते, आधी दोन किंवा जास्त असतील तरच. एक घाई असणाऱ्यांची, एक सावकाश चालणाऱ्यांची. पहिलीत बेट-बेट्टला २०१६ पर्यंत थांबावं लागलं, दुसरीत त्याच वर्षी मिळालं. काहीतरी सुधारणा आहे म्हणायची. २००९ ची एक आहे, तिच्याकडे मी परत परत जातो. ती येताना बघते, तुमच्याकडे तिच्या दोन रंगांच्या साध्या जमिनींपैकी एक, किंवा तशी मानलेली एखादी, आहे का? असेल तर उभी, नाहीतर आडवी. अंगणात आधी एक बेट किंवा एक डोंगर हवा. तो दुरंगी असला तरी चालतो, शॉकलँड चालते, पण साधा, एकरंगी असला तरी त्याचा मान तेवढाच. १९९३ च्या फुकट जमिनींनी साध्या बेटाला गड्डीतून घालवलं होतं, हिनं त्याला परत बोलावलं. बेट-बेट्टला ही २०११ साली मिळाली.

आणि मग २०२०. पाथवे. दोन्ही बाजूंनी छापलेला पत्ता. एका बाजूला एक रंग, दुसऱ्या बाजूला दुसरा. ठेवताना बाजू निवडायची, कुठलीही किंमत नाही, उशीर नाही, टोचणी नाही. फक्त जी बाजू वर आली तीच कायम. निळ्या-लालच्या पत्त्यावर एकीकडे नदी आणि एकीकडे लाव्हा. हातात असेपर्यंत ती दोन्ही असते, जाजमावर आली की एकच उरते. मुलीचा शाळाप्रवेश आठवला. बेळगावात मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी, सगळी माध्यमं आहेत. बायको आणि मी दोन रात्री बोललो. शेजारपाजार, भाऊबंद सगळ्यांनी आपापली बाजू सांगितली. आम्ही शेवटी पत्त्यावर नसलेली तिसरीच बाजू निवडली आणि तिला इंग्रजीत घातलं. आता ती माझी पाटी वाचताना मराठी ओळीवर बोट ठेवून अडखळते आणि कन्नड ओळ वाचतच नाही. आप्पा असते तर काय म्हणाले असते माहीत नाही. बहुतेक काही म्हणाले नसते, नुसता ब्रश धुतला असता.

मिठाईवाल्याची पाटी तशीच पडली होती. २०२४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला द्यायचा ठरलं, तेव्हापासून जुन्या पाट्या बदलून घ्यायला गिऱ्हाईकं येतात. हे शेठजी कुंदा विकतात. त्यांना कन्नड ६० हवं, मराठी दिसायला हवं, इंग्रजी पर्यटकांसाठी हवं आणि पाटी मात्र जुन्याच मापाची, कारण लोखंडी चौकट जुनी आहे. मी तीन नमुने केले. पहिल्यात ओत्तक्षराचे पाय खालच्या पट्टीत गेले. दुसऱ्यात मराठी इतकं बारीक झालं की लांबून शिरोरेषाच तेवढी दिसे, धुण्याच्या दोरीसारखी. तिसऱ्यात मी इंग्रजी ओळ काढून फोन नंबरच्या शेजारी नेली. शेठजींनी तिसरा घेतला, पण कुंद्याचं चित्र मोठं करायला सांगितलं. चित्राला टक्केवारी नाही, म्हणाले.

इकडे पोरांनी स्वतःची जमीन काढली. नाव अर्थातच बेट-बेट्ट. दोन्ही रंग देणारी, एका चिठ्ठीवर दोन लिप्यांत लिहिलेली. मराठी ओळ शेजारच्या पोरानं लिहिली, कन्नड ओळ भाच्यानं, आणि दोन्ही बघण्यासारख्या होत्या. किंमत काय ठेवायची यावर संध्याकाळ गेली. शेवटी नियम ठरला: ही जमीन ठेवणाऱ्याला समोरचा पाचपैकी कुठल्याही एका जमिनीचं नाव विचारणार, ते समोरच्याच्या भाषेत पटकन सांगायचं. चुकलं, अडखळलं, की आडवी.

पहिल्या दिवशी नियम झकास चालला. निम्म्या वेळा जमीन आडवी यायची, भाचा 'काडु'ला 'काडी' म्हणायचा, शेजारच्याला 'दलदल' म्हणताना हसू फुटायचं. दुसऱ्या दिवशी चुका कमी झाल्या. चौथ्या दिवशी दोघंही दहाच्या दहा शब्द झोपेतसुद्धा सांगतील असे झाले, आणि जमीन फुकट झाली. अगदी १९९३ सारखी. भाचा वैतागला.

"मामा, ही मोडली. काहीतरी दुसरी किंमत लावा आता."

"उर्दूत विचारायचं," शेजारचा म्हणाला.

"तुला येते का उर्दू?"

"नाही की. म्हणूनच."

माझी पाळी होती. मी बेट-बेट्ट खाली ठेवली. शेजारच्या पोरानं माझ्याकडे बघितलं आणि जमिनीचं नाव मराठीत टाकलं, "दलदल?" जन्म गेला माझा या गावात. तोंडात आलं 'जोगी', मग 'जौळ'. पोरानं हात पुढे करून माझा पत्ता आडवा केला.